टोकाची पकड

पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायला उतरलेला माणूस खाली बघत नाही. अकोल्याची गाडी किती लेट आहे, नांदेडकडून येणारी कुठल्या फलाटावर लागणार, यातच त्याचा जीव अडकलेला. पण या जंक्शनातली सर्वांत नवलाची वस्तू रुळाखाली आहे आणि ती दर साठ सेंटिमीटरवर पुन्हा येते. सिमेंटचा स्लीपर. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण 1660 स्लीपर पडतात. इतक्या संख्येने समोर असलेल्या वस्तूकडे कोणी बघत नाही, यात काही आश्चर्य नाही.

रुळाखाली बसलेला स्लीपर गिट्टीत बुडालेला असतो. त्याचं टोक पाहायचं तर कामासाठी रुळाकडेला रचून ठेवलेली चळत गाठावी. वरच्या अंगाला कारखान्याची खूण आणि वर्ष उठवलेलं असतं. टोकाच्या राखाडी तोंडावरचा रंग उडाला असेल तर तिथे तांबूस ठिपके दिसतात. मोजले तर 18 भरतात. डोळा जवळ नेला तर कळतं की प्रत्येक ठिपका तीन ठिपक्यांचा आहे. 3 मिलिमीटरच्या तीन तारा एकमेकींना पीळ देऊन केलेली ती दोरी, कापल्यानंतरचं तिचं हे तोंड. रेल्वेच्या नेहमीच्या ब्रॉडगेज स्लीपरमध्ये अशी प्रत्येक दोरी काँक्रीट ओतण्याआधी 2730 किलोच्या ओढीने ताणलेली असते. अठरा दोऱ्यांची मिळून ओढ होते 49 टनांच्या वर.

आणि त्या टोकाला नट नाही, पाचर नाही, लोखंडी पट्टीही नाही. तार सपाट कापलेली, बस. मग 49 टन धरलेत कशाने?

या लेखाचा विषय हाच आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोलादी तारेऐवजी कार्बनच्या तंतूंची केबल वापरायची खटपट चालली आहे, तिचं घोडंही याच प्रश्नापाशी अडलं आहे. तंतू भक्कम आहे, हलका आहे, गंजत नाही. त्याला टोकाला धरायचं कसं, एवढंच सांगा.

आधी ताण कशासाठी, ते पाहू. काँक्रीट दाबाला जबरदस्त, ओढीला दुबळं. दाबात जितकं सोसतं त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी ओढ त्याला सोसते. गाडीचं चाक वरून गेलं की स्लीपर वाकतो, वाकला की त्याच्या एका अंगाला ओढ बसते आणि तडा जातो. त्यावर उपाय म्हणजे भार येण्याआधीच काँक्रीटला आवळून ठेवायचं. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवायचा, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं समजावायची गरज नाही. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली लोखंडी धाव चाकावर ठोकायची, पाणी मारायचं, ती आखडली की पुट्ठे आणि आरे तुंब्यापर्यंत करकचून दाबले जायचे. चाक शेतात जाण्याआधीच दाबात असे. स्लीपरमध्येही तेच आहे, फक्त धाव बाहेरून असते आणि तार आतून.

पूर्णेच्या रुळाखाली हे काँक्रीट तसं अलीकडे आलं. निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग मीटरगेज होता, त्याच्यावरचं हे ठाणं. पुढे हिंगोलीचा फाटा निघाला, तो अकोला-खंडव्यापर्यंत जोडला गेला आणि हैदराबादची माणसं पूर्णेवरून मीनाक्षी एक्स्प्रेसने थेट जयपूर गाठू लागली. मीटरगेजच्या काळात भारतीय रेल्वेत स्लीपर म्हणजे लाकूड, नाहीतर ओतीव लोखंडाच्या वाट्या, नाहीतर पोलादी पन्हळी. नव्वदच्या दशकात मनमाडच्या बाजूने ब्रॉडगेज येत गेलं. पूर्णा-अकोला मार्ग 2008 मध्ये बदलून झाला. रूळ रुंदावले तसा खालचा स्लीपरही बदलला. गाव मात्र त्या बदलात थोडं हरवलं. मीटरगेजच्या इंजिनांभोवती जी वर्दळ होती ती परत आली नाही. तो वेगळा लेख होईल.

आता पुन्हा त्या ठिपक्यांकडे. कारखान्यात एका बाकावर साचे ओळीने मांडतात. काही ठिकाणी बाक शंभर मीटरहून लांब असतो, काही ठिकाणी आटोपशीर. तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घालून जॅकने ओढतात. ओढलेली तार सुटू नये म्हणून बाकाच्या टोकाला प्रत्येक तारेवर पोलादी बॅरल आणि त्यात पाचर असते. काँक्रीट ओततात, वाफ देतात, काँक्रीट पुरेसं पिकलं की जॅक हळूहळू सोडतात आणि तारा कापतात. बॅरल-पाचर पुढच्या खेपेला. स्लीपरसोबत ती जात नाही.

त्या क्षणापासून तारेला धरतं ते काँक्रीट. तार आखडायला बघते, काँक्रीट तिच्या अंगाला चिकटलेलं असतं, ते तिला आखडू देत नाही आणि त्या झटापटीत स्वतः दाबलं जातं. टोकाशी आणखी एक गंमत होते. ताणलेली तार किंचित बारीक झालेली असते. कापल्यावर टोकाचा ताण गेला की ती मूळ जाडीवर येते, म्हणजे टोकाला जाड आणि आत बारीक. तारेची तारच स्वतःची पाचर बनते. एवाल्ड होयर या जर्मन अभियंत्याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

रुळाच्या मध्यापासून स्लीपरच्या टोकापर्यंत अंतर उरतं साधारण अर्धा मीटर. तेवढ्यात तारेची पकड पुरी व्हायला हवी, कारण चाकाचा भार लगेच तिथे येतो. म्हणून तार बारीक आणि पिळाची. हिशेब करून बघा. 54 तारांचं पोलाद एकाच सळईत ओतलं तर ती 22 मिलिमीटरची होईल आणि तिचा घेर भरेल 69 मिलिमीटर. त्याच 54 तारांचा घेर मिळून 509. पिळात काही भाग झाकला जातो हे धरलं, तरी चिकटायला जागा कितीतरी पट. महावितरणचा सिमेंटचा पोल वादळात मोडतो तेव्हा आतून अशाच बारीक तारा बाहेर येतात. पोलात पोलाद कमी घातलं, अशी कुजबूज लोक करतात. पोलाद बारीक असणं हेच तिथे कौशल्य आहे.

हे सगळं स्लीपरला आणि पोलाला ठीक. मोठ्या पुलाला ते पुरत नाही. त्याचा गर्डर जागेवर ओतायचा, मग त्याच्यात ठेवलेल्या नळ्यांमधून केबल ओवायची, मग ती ओढायची. अशा केबलला टोकाशी कायमचं धरणारं काहीतरी लागतं. युजीन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने 1928 मध्ये काँक्रीट आधीच आवळून ठेवायच्या तंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या आधीही लोकांनी काँक्रीट आवळून पाहिलं होतं, पण साध्या लोखंडाने. साधं लोखंड मीटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर ताणायचं, आणि काँक्रीट वाळून, दाबाखाली हळूहळू आखडून तितकंच आखूड व्हायचं. ताण आला तसा गेला. फ्रेसिनेने ओळखलं की अतिशय कडक पोलाद घेऊन ते मीटरला सहा-सात मिलिमीटर ताणलं तर अर्धा-पाऊण मिलिमीटर गेल्याने काही बिघडत नाही. पुढे 1939 मध्ये त्याने शंकूचा अँकर आणला. पोकळ शंकूत भरीव शंकू ठोकायचा आणि मधल्या फटीत बारा तारा चिमटायच्या. आपल्याकडच्या जुन्या पुलांच्या नकाशांत दिसणारी ‘12/5’, ‘12/7’ ही केबलची मापं त्याच घराण्यातली.

आजचा अँकर म्हणजे भोकं पाडलेला जाड पोलादी ठोकळा. प्रत्येक भोक निमुळतं, त्यात दोन-तीन फाकांची दातेरी पाचर. सात तारांची 15.2 मिलिमीटरची एक स्ट्रँड सव्वीस टनांपर्यंत तुटत नाही. जॅक सोडला की स्ट्रँड मागे सरकू पाहते, सरकताना पाचरीला निमुळत्या भोकात ओढते, पाचर आणखी आवळते. जितकी ओढ जास्त तितकी पकड घट्ट. पाचरीचे दाते तारेत रुततात, तारेला ओरखडे पडतात, आणि तारेला त्याचं काही वाटत नाही. कारण पोलाद नमतं. जिथे ताण फार झाला तिथे ते जरासं वाहतं आणि भार शेजाऱ्यावर ढकलतं. गेल्या ऐंशी वर्षांतली पुलांची सगळी प्रगती पोलादाच्या या सोशिकपणावर उभी आहे. साइटवर ‘स्ट्रेसिंग झालं’ असं म्हणून माणसं चहाला जातात, ती याच भरवशावर.

पण पोलाद गंजतं.

5 जुलै 1986 रोजी पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. पूर्वताणित, म्हणजे ताणलेल्या केबलनी आवळलेल्या, काँक्रीटचा पूल, खाऱ्या वाऱ्यात उभा, आतल्या केबल गंजलेल्या. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत गोवेकरांनी फेरीबोटींतून नदी ओलांडली. ठाण्याच्या खाडीवरच्या पहिल्या वाशी पुलाचीही हीच तक्रार. 1973 मध्ये खुला झालेला पूल काही वर्षांतच केबलच्या गंजाने आजारी पडला, बाहेरून जादा केबल ओढून त्याला सावरावं लागलं आणि शेवटी 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. गोव्यातला झुआरी पूलही बरीच वर्षं अवजड वाहनांना मनाई करून वापरावा लागला. हे फक्त आपल्याकडचं नाही. वेल्समधला अनिस-अ-ग्वासचा छोटा पूल 4 डिसेंबर 1985 रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता खाली आला. 1992 मध्ये ब्रिटनने नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, भरलेल्या केबलचे नवे पूल बांधणंच काही काळ थांबवलं. इटलीत जेनोआचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी पडला, 43 माणसं गेली. तिथेही काँक्रीटच्या आत झाकलेली पोलादी केबल गंजली होती.

साध्या आरसीसीतली सळई गंजते तेव्हा काँक्रीट फुगतं, पोपडे निघतात, घरमालकाला दिसतं. ताणलेल्या तारेचं तसं नाही. हिशेब सोपा आहे. 16 मिलिमीटरच्या सळईचा अर्धा मिलिमीटर थर चहूबाजूंनी गंजला तर तिचं बारा टक्के पोलाद गेलं. तेवढाच थर 5 मिलिमीटरच्या तारेचा गेला तर छत्तीस टक्के गेलं. आणि ती तार आधीच सत्तर टक्क्यांपर्यंत ताणलेली होती.

ज्या वर्षी मांडवीचा पूल पडला त्याच वर्षी, 1986 मध्ये, जर्मनीत ड्युसेलडॉर्फला उलेनबर्गस्ट्रासेवर एक पूल वाहतुकीला खुला झाला. दोन गाळ्यांचा, एकूण सुमारे 47 मीटर. बघायला काही खास नाही, पण त्याच्यात 59 केबल होत्या आणि प्रत्येक केबलमध्ये 7.5 मिलिमीटरच्या 19 कांड्या. त्या कांड्या काचेच्या तंतूंच्या होत्या. रेझिनमध्ये भिजवून ओढलेल्या तंतूंनी ताणलेला तो जगातला पहिला महामार्ग-पूल मानला जातो. दोन वर्षांनी, 1988 मध्ये, जपानच्या इशिकावा प्रांतात समुद्राकाठी शिनमिया नावाचा जेमतेम सहा मीटरचा पूल झाला. तिथला आधीचा पूल खाऱ्या हवेने खाल्ला होता. नव्या पुलात कार्बनतंतूंच्या पिळाच्या केबल घातल्या. सहा मीटरच्या पुलासाठी असा खटाटोप करावा हे जपान्यांनाच सुचतं. पण अशा गोष्टी लहान पुलावरच करून बघायच्या असतात.

कार्बनचा तंतू काही मायक्रॉन जाडीचा. हजारो तंतू एका दिशेने लावून इपॉक्सी रेझिनमध्ये बांधले की कांडी तयार. वजन पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढं, ओढीची ताकद स्ट्रँडइतकी किंवा जास्त, मिठाचा परिणाम नाही. हे सगळं लांबीच्या दिशेने. आडवं दाबा, चिमटा, कापा, की ताकद एकदम घसरते. कारण आडव्या दिशेने तंतू काहीच धरत नाहीत, नुसतं रेझिन धरतं. शिवाय कार्बन नमत नाही. तो शेवटपर्यंत सरळ ताणत जातो आणि मग एकदम तुटतो, तंतू-तंतू पिंजारून. पोलादाचा सोशिकपणा इथे मुळीच नाही.

आता त्या दातेरी पाचरीत कार्बनची कांडी घाला. दाते तंतू कापतात. पाचर सर्वांत जोरात आवळते ती पुढच्या तोंडाशी, म्हणजे जिथे कांडी बाहेर पडते तिथे, आणि नेमकी तिथेच कांडीवर पुरी ओढही असते. दोन्ही शिक्षा एकाच जागी. कांडी निम्म्या ताकदीवरच अँकरच्या ओठाशी तुटू शकते. प्रयोगशाळेत अँकर तपासताना बघतात ते हेच. नमुना मोकळ्या लांबीत तुटला तर अँकर पास, टोकाशी तुटला तर नापास. अँकरने केबलच्या ताकदीच्या निदान 95 टक्के तरी पेलायला हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. कार्बनसाठी हा आकडा गाठायला संशोधकांची वर्षं गेली.

एक वाट कॅनडात कॅलगरी विद्यापीठात निघाली. पाचर ठेवायची, पण दाते काढून टाकायचे. कांडीभोवती तांब्यासारख्या मऊ धातूची बाही चढवायची, म्हणजे दाब सारखा पसरेल. आणि पाचरीचा उतार बॅरलच्या उतारापेक्षा अगदी किंचित, अंशाच्या दहाव्या भागाइतका, जास्त ठेवायचा. या इवल्याशा फरकाने पाचर आधी मागच्या बाजूला घट्ट बसते आणि पुढच्या ओठाशी सैल राहते. जिथे ओढ पुरी तिथे चिमटा कमी, जिथे ओढ संपत आली तिथे चिमटा जास्त. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की नवा पदार्थ काहीच नाही. जुन्याच पाचरीचा उतार दशांश अंशाने बदलला. पण हा दशांश अंश लेथवर सांभाळणं, आणि धुळीने माखलेल्या साइटवर सांभाळणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाट चिमटा पूर्ण सोडून देते. पोलादी नळीत कांडी उभी धरायची, भोवती रेझिन ओतायचं, ते घट्ट झालं की चिकटून धरतं. स्लीपरमध्ये काँक्रीट जे करतं तेच, पण नळीत. अडचण अशी की रेझिनही पुढच्या तोंडाशीच सगळा भार घेतं आणि मागचं रेझिन रिकामं बसतं. पुढचं फाटलं की पुढचा टप्पा, मग पुढचा. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेत उर्स मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. नळीत ओतायच्या मिश्रणात सिरॅमिकचे कण घालायचे, पण ते सगळीकडे सारखे नाहीत. पुढच्या तोंडाशी मिश्रण मऊ, मागे जाईल तसं कडक. मऊ भाग पुढे थोडा दबतो आणि भार मागे पाठवतो. पोलादाला जे आपोआप जमतं ते इथे पाककृतीने करून घेतलं. 1996 मध्ये विंटरथुरच्या श्टॉर्क पुलावर, म्हणजे ‘करकोचा पुला’वर, 24 पैकी दोन केबल कार्बनच्या लावल्या, त्या याच अँकरने. प्रत्येकीत 5 मिलिमीटरच्या 241 तारा. उरलेल्या बावीस पोलादाच्या ठेवल्या, त्याला भित्रेपणा म्हणू नये. शेजारी-शेजारी ठेवून वर्षानुवर्षं मोजत बसणं याचंच नाव अभियांत्रिकी.

तिसरी वाट दगडाच्या खाणीतून आली. सुरुंग न लावता दगड फोडायची एक पावडर असते. पाण्यात कालवून भोकात भरायची, ती फुगते, दगड शांतपणे फाटतो. जपानी अभियंत्यांनी असंच फुगणारं मिश्रण जाड पोलादी नळीत कार्बनच्या केबलभोवती भरलं. नळी फाटत नाही, मग सगळा दाब आत केबलवर येतो. दाते नाहीत, चिकटवणं नाही, नुसता चहूबाजूंनी सारखा दाब. मात्र मिश्रण पुरतं फुगायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी केबल ओढायचीच आहे असं ठरवणाऱ्या ठेकेदाराला हा अँकर मानवायचा नाही.

आणि एक युक्ती आहे, ती थेट पूर्णेच्या स्लीपरशी नातं सांगते. अमेरिकेत मिशिगनमध्ये साउथफील्डला 2001 मध्ये ब्रिज स्ट्रीटवर कार्बनने ताणलेला पूल झाला. लॉरेन्स टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाचे नबील ग्रेस यांचं ते काम. त्यानंतर तिकडे गर्डर बाकावर ओतताना एक सोय रूढ झाली. कार्बनची केबल गर्डरपुरतीच ठेवायची, तिच्या दोन्ही टोकांना कपलरने, म्हणजे जोडणीच्या तुकड्याने, साधी पोलादी स्ट्रँड जोडायची आणि जॅकने ओढायची ती स्ट्रँड. बाकाच्या टोकाला नेहमीचीच पाचर पोलादाला चावते. काँक्रीट पिकलं की कपलर कापून बाजूला. गर्डरमध्ये उरतो फक्त कार्बन, आणि त्याला धरतं काँक्रीट. अँकरचा प्रश्न सोडवला नाही, काँक्रीट पिकेपर्यंत तात्पुरता पोलादाच्या गळ्यात घातला. माझ्या मते आपल्याकडे कार्बन पहिल्यांदा येणार असेल तर याच दाराने यावा. आपले कारखाने बाकावर ताणायला सरावलेले आहेत, गवंड्यापासून सुपरवायझरपर्यंत.

मग पूर्णेच्या स्लीपरमध्येच कार्बन का घालू नये? मोह होतो. पण नको. एक तर इथे गरज नाही. परभणीच्या कोरड्या हवेत गिट्टीवर बसलेला स्लीपर मिठाने मरत नाही. नीट बनवलेल्या स्लीपरचं आयुष्य पन्नासेक वर्षं धरलेलं असतं, आणि तो बदलावा लागतो तो बहुधा गाडी घसरून मार बसल्याने किंवा रुळाखालची बैठक झिजल्याने. दुसरं कारण वाफेचं. स्लीपर लवकर पिकवायला सत्तर अंशांच्या आसपास वाफ देतात. पोलादाला ती जाणवतही नाही, पण रेझिन तापलं की नरम पडू लागतं, आणि ते नेमकं अशा वेळी जेव्हा केबल पुऱ्या ताणात आहे. तिसरं कारण तापमानाचंच, पण उन्हाळ्यातलं. पोलाद आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारखेच वाढतात, हा निसर्गाने केलेला उपकार. कार्बनची कांडी लांबीत जवळपास वाढतच नाही, आडवी मात्र काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त फुगते. मे महिन्यात पारा 44 वर गेल्यावर ती आतून काँक्रीटला रेटते. वरचा थर पातळ असेल तर तडा. आणि किंमत? त्याबद्दल बोलायलाच नको.

एका बाबतीत कार्बन पोलादाहून सोयीचा आहे, तेही सांगायला हवं. पाचर बसताना केबल दोन-पाच मिलिमीटर सरकतेच. शंभर मीटरच्या बाकावर स्लीपरची तार साधारण 65 सेंटिमीटर ताणलेली असते, तिथे पाच मिलिमीटर गेले तर कोणी विचारत नाही. पण दहा मीटरच्या छोट्या केबलचं एकूण ताणणंच 65 मिलिमीटर. त्यातले पाच गेले म्हणजे सात-आठ टक्के ताण गेला. कार्बन पोलादापेक्षा जास्त ताणतो, म्हणून तेवढ्याच सरकण्यात त्याचा तोटा कमी. काँक्रीट हळूहळू आखडतं तेव्हाही हाच फायदा.

काचेचा तंतू याहून जास्त ताणतो आणि स्वस्तही असतो. मग ड्युसेलडॉर्फनंतर तो मागे का पडला? काचेला सतत ताणात ठेवलं की ती काही वर्षांनी, भार वाढला नसतानाही, तुटू शकते, आणि काँक्रीटमधला अल्कलीचा गुण तिला पोखरतो. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या समितीने 2004 च्या मार्गदर्शिकेत कार्बनला ताकदीच्या 65 टक्क्यांपर्यंत ओढायची मुभा दिली, अरामिड तंतूला 50, आणि काचेने ताणूच नका असा सल्ला दिला. हे इथे मुद्दाम लिहितो. सध्या बाजारात ‘न गंजणारी फायबर सळई’ आली आहे. ती काचतंतूंची. भारतीय मानक ब्यूरोने 2023 मध्ये तिच्यासाठी मानकही काढलं. ती साध्या सळईच्या जागी, न ताणता वापरायची वस्तू आहे. साइटवर तिला वाकवून हूक करता येत नाही, वाकवलेला तुकडा कारखान्यातूनच यावा लागतो. घर बांधणाऱ्याने दुकानदाराला एवढं विचारलं तरी पुष्कळ: टोकाला ही धरणार कशी?

कोकण आणि गोव्याची गोष्ट निराळी. खाडीवरचे पूल, जेट्ट्या, बंदरातले धक्के, मिठागरांजवळचे गर्डर इथे पोलादी केबलचा शत्रू रोज हजर असतो. तरीही 2019 चा मांडवीवरचा अटल सेतू आणि झुआरीवरचा नवा पूल पोलादी केबलवरच टांगलेले आहेत. त्यांच्या केबलना आज गंजरोधक थर असतात, प्लॅस्टिकचं आवरण असतं, तपासायला आणि बदलायला जागा असते. मांडवीच्या धड्याचा खरा उपयोग असा झाला. केबल झाकून विसरायची नाही, उघडी ठेवून बघत राहायची. पुढची पायरी म्हणून एखाद्या खाडीवरचा लहान पादचारी पूल निवडावा, शिनमियासारखा, आणि त्यात कार्बन घालून वीस वर्षं मोजावं. मोठ्या पुलावर पहिला हात मारायची घाई करू नये.

मोठ्या पुलावरही कार्बन आला आहे, पण वेगळ्या वाटेने. जर्मनीत स्टुटगार्टला 2020 मध्ये ट्रामसाठी कमानीचा पूल झाला, त्याला 72 कार्बनच्या टांगण्या आहेत. तिथे पाचर नाही आणि नळीतलं रेझिनही नाही. तंतूचाच अखंड फेर दोन्ही टोकांना कड्याभोवती घेतलाय. पकडायचं काही नाही, अडकवायचं फक्त. टांगणीची लांबी आधीच ठाऊक असते म्हणून हे जमतं. साइटवर ओढून, लांबी जमवून, मग धरायच्या केबलला ते जमत नाही.

खाडीकाठच्या त्या प्रस्तावित पादचारी पुलात एक जागा नेमाने बघावी लागेल, ती अँकरची. कार्बन वीजवाहक आहे. खारं पाणी आलं आणि कार्बन पोलादाला किंवा ॲल्युमिनियमला टेकला, की दोघांत विजेची देवघेव सुरू होते आणि गंजतो तो धातू. कार्बन तसाच राहतो. म्हणजे केबलमधून हाकलून दिलेला गंज परत येतो तो टोकाच्या बॅरलमध्ये, पाचरीत, मऊ धातूच्या बाहीत. यासाठी कॅलगरीच्याच संशोधकांनी धातूच नसलेला अँकर करून पाहिला. पाचर आणि बॅरल अतिशय कडक काँक्रीटची, बॅरलभोवती पुन्हा कार्बनचेच वेढे. तो चालतो, पण जड आहे, ठिसूळ आहे, घडवायला महाग आहे. तो सुधारेपर्यंत पोलादी अँकर आणि कार्बन यांच्यामध्ये रेझिनचा अखंड थर ठेवायचा, बाहेरून टोपण बसवायचं, टोपणात ग्रीस भरायचं आणि दर पावसाळ्यानंतर ते काढून आत बघायचं. टोपण उघडायला शिडी लावता येईल अशी जागा नकाशातच ठेवली, तर.